पणजीचं गाव: क्लेअरमधल्या एका टाउनलँडच्या शोधाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

काम अंगावर घेतलं. सासूबाई ऑगस्टमध्ये बॉस्टनहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये, लिमरिकला येणार आहेत आणि त्यांना त्यांच्या आजीचं, म्हणजे नवऱ्याच्या पणजीचं, घर बघायचंय. नवरा म्हणाला, "तुला असली कामं आवडतात." म्हणजे त्याने अंग काढून घेतलं.

हातात काय आहे? नवऱ्याच्या काकांनी कधीतरी हाताने काढलेला वंशावळीचा तक्ता, त्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. पणजीच्या चौकटीत तीन गोष्टी: माहेरचं आडनाव क्विल्टी, गाव किलमरी, काउंटी क्लेअर. बाजूला पेन्सिलीने "१९०६ च्या सुमारास आली".

वाटलं, नाव आहे, गाव आहे, जिल्हा आहे. दोन रविवारांचं काम.

१२ जानेवारी

आयर्लंडच्या स्थलनामांचा सरकारी डेटाबेस आहे, लोगानिम. रोमन अक्षरांत बघितल्यावर मी पहिले दोन दिवस 'लॉग-इन'चंच काहीतरी समजत होते. 'लोग' म्हणजे जागा, 'अनिम' म्हणजे नाव. अनिम आणि आपलं नाम ही भावंडंच, एकाच मुळातली. डब्लिन सिटी विद्यापीठ आणि सरकारची स्थलनाम शाखा मिळून हा चालवतात, २००८ पासून. एक लाखाहून जास्त नोंदी. नावाचं इंग्रजी रूप, आयरिश रूप, जुन्या कागदांत ते कसकसं लिहिलं गेलं त्याची कार्डं, काही नावांचे उच्चारही ऐकता येतात.

'किलमरी' टाकलं. रांगच लागली. किल म्हणजे चर्च, मरी म्हणजे मेरी: मेरीचं चर्च. कॅथलिक देशात हे नाव म्हणजे आपल्याकडे 'मारुतीचा माळ' विचारण्यासारखं. कॉर्कमध्ये आहे, लिमरिकमध्ये आहे (माझ्या घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ!), आणि एकट्या क्लेअरमध्ये किलमरी नावाचे तीन पॅरिश (चर्चच्या हद्दीचे परिसर) आहेत. पश्चिमेला समुद्रकाठचं किलमरी इब्रिकेन, दक्षिणेला शॅनन नदीच्या खाडीकडचं किलमरी मॅकमहोन, आणि पूर्वेला सिक्समाइलब्रिजजवळचं, ज्याच्या आयरिश नावात 'परक्यांचं' असा शब्द चिकटलाय. जुन्या कागदांत तिघांनाही नुसतं किलमरी लिहायला कोणाची ना नव्हती.

'किल'चीही गंमत आहे. इंग्रजीत किल दिसलं की मुळात 'किल्ल' म्हणजे चर्च असेल, नाहीतर 'कोल्ल' म्हणजे रान असेल. इंग्रज कारकुनाच्या कानाला दोन्ही सारखेच. म्हणून इंग्रजी रूपावरून अर्थ लावायचा नाही, आधी आयरिश रूप बघायचं. हा नियम वहीत ठळक लिहिला. पाळला मात्र नाही, ते पुढे येईलच.

१५ जानेवारी

आज फक्त शिकण्यात वेळ गेला, पण हे कळल्याशिवाय पुढचं एकही पान वाचता येत नाही.

आपण गाव म्हणतो तसं इथे जमिनीचं सगळ्यांत लहान अधिकृत नाव गावाचं नसतं, टाउनलँडचं असतं. नावात 'टाउन' असलं तरी गावाशी संबंध नाही. शिवार म्हणा, वाडी म्हणा, त्या दोघांच्या मधलं काहीतरी. देशभरात साठ हजारांहून जास्त. काही एका एकरापेक्षा लहान, एखादं सात हजार एकरांचं. बऱ्याच टाउनलँडांत आज एकही घर नाही. पण जन्म, खंड, कर, जनगणना, सगळे कागद त्याच नावाने लागतात.

वरची उतरंड: टाउनलँड, मग सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. हे सरळ वाटतं तोवर दुसरी उतरंड येते. कॅथलिक पॅरिश वेगळा, त्याची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असं नाही. गरिबांच्या कायद्यासाठी १८३८ नंतर पाडलेले युनियन आणखी वेगळे, बाजारपेठेच्या गावाभोवती आखलेले. ते काउंटीची हद्दसुद्धा बिनधास्त ओलांडतात. १८६४ पासूनची जन्म-मृत्यू नोंदणी त्याच युनियनांवर बसवली. म्हणजे जन्मदाखल्यावर जिल्हा म्हणून 'किलरश' दिसलं तर मूल किलरशला जन्मलं असं मुळीच नाही. नुसतं तहसील कळलं.

आईला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, "आपल्याकडे हेळवी यायचा बैलावर बसून. शेरभर जोंधळे घातले की सात पिढ्या वाचून दाखवायचा. तुझ्या सासरी नाही का कोणी तसा?" नाही गं. इथला हेळवी १९२२ मध्ये जळाला.

हे तिला सांगत बसले नाही, इथे लिहिते. जून १९२२ च्या शेवटी, यादवी युद्ध सुरू होताना, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतलं सरकारी दप्तरखाना जळून गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक तिथेच खाक झाल्या. १८६१ आणि ७१ च्या सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या, ८१ आणि ९१ च्या पहिल्या महायुद्धात लगदा करायला दिल्या. त्यामुळे अख्ख्या देशाची वाचता येण्यासारखी पहिली जनगणना १९०१ ची. एकोणिसाव्या शतकातला आयरिश माणूस शोधायचा तर जमिनीच्या कागदांतून शोधायचा, आणि जमिनीचे कागद टाउनलँडने लागतात. म्हणून ही नावांची डोकेफोड.

१९ जानेवारी

क्विल्टी आडनावाची मुलगी सापडली! पूर्वेकडच्या किलमरीत, वय जुळतंय, नाव जुळतंय. सासूबाईंना लगेच मेसेज टाकला. (त्यांना मी नावाने हाक मारते, इथली रीत. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी जीभ अडखळते.)

२४ जानेवारी

एओविन वादळ. देशभर लाल इशारा. सकाळपासून वीज नाही. काम बंद. मेणबत्तीत तक्त्याचा फोटो बघत बसले.

२ फेब्रुवारी

रविवार. सिक्समाइलब्रिजला जाऊन आलो. पडकं चर्च, ओली थडगी, माझे बूट कामातून गेले. फोटो पाठवले. रात्री सासूबाईंचा फोन. आवाजात उत्साह नव्हता. म्हणाल्या, "आजी सांगायची, दारात उभं राहिलं की समुद्र. आणि सावलीला एक झाड नाही. तुझ्या फोटोत झाडंच झाडं आहेत."

हे आधी का नाही सांगितलं, असं तोंडावर आलं होतं. पण मी विचारलं कुठे होतं?

९ फेब्रुवारी

आता उलट बाजूने. माणूस नको, जागा आधी. समुद्र हवा, म्हणजे किलमरी इब्रिकेन. एक नकाशा-संकेतस्थळ आहे, टाउनलँड्‌स डॉट आयई, ओपनस्ट्रीटमॅपवर उभं केलेलं. स्वयंसेवकांनी जुन्या नकाशांवरून एकेका टाउनलँडची हद्द काढलीय. पॅरिश उघडला की त्यातल्या टाउनलँडांची यादी, क्षेत्रफळ, शेजारी कोण ते. किनाऱ्याने एकेक नाव वाचत निघाले. सीफील्ड. मग क्विल्टी वेस्ट. क्विल्टी ईस्ट.

चहा सांडला असं लिहायला हवं, पण मी नुसती बसून राहिले.

क्विल्टी हे आडनाव नाहीच. म्हणजे आहे, लिमरिक-केरीकडे खरंच आहे, पण तो शब्दच वेगळा, एका पूर्वजाच्या नावावरून आलेला. आमचं क्विल्टी हे गाव. काकांना कुणीतरी सांगितलं असणार, "ती क्विल्टीची", आणि त्यांनी ते माहेरच्या आडनावाच्या चौकटीत भरलं. पाटणकर, सांगलीकर, गडहिंग्लजकर अशा लोकांत वाढलेल्या मला, जिथे गावावरूनच आडनाव पडतं, हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पूर्वेकडची ती मुलगी बिचारी कोणा दुसऱ्याची पणजी.

लोगानिमवर आयरिश रूप बघितलं: कोल्ल्ते, म्हणजे 'रानं'. चार आठवड्यांपूर्वी वहीत ठळक लिहिलेला नियम. आणि सासूबाई म्हणतात झाड नाही. दोन्ही खरं. गाव अटलांटिकच्या थेट तोंडावर आहे, झाड तिथे आज उभं राहत नाही. रान कधी गेलं कोण जाणे, नाव मागे राहिलं.

वाऱ्याचं म्हणाल तर: वेस्ट क्लेअरची अरुंद रुळांची रेल्वे इथून जायची. वाऱ्याने डबे रुळांवरून ढकलले जायचे म्हणून क्विल्टी स्टेशनवर वारा मोजायचं यंत्र बसवलं होतं. ताशी ६० मैलांवर गेला की डब्यांत वजनं ठेवायची, ८० वर गेला की गाडीच सोडायची नाही. ही रेल्वे १९६१ मध्ये बंद पडली. वादळाच्या दिवशी मेणबत्तीत मी ज्या गावाच्या नावाकडे आडनाव म्हणून बघत होते, तिथे त्या वेळी काय वारं असेल!

१६ फेब्रुवारी

आडनावाची पाटी पुन्हा कोरी. बॉस्टनच्या लग्ननोंदीची नक्कल मागवायला सासूबाईंना सांगितलं. मॅसॅच्युसेट्सच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्या आईवडिलांची नावं असतात.

८ मार्च

नक्कल आली. खरं आडनाव मिळालं. ते इथे लिहीत नाही. क्लेअरमध्ये दगड भिरकावला तर त्या आडनावाच्या माणसालाच लागेल, एवढं सांगते. त्या नावाने जहाजाच्या यादीत बघितलं. बंदर क्वीन्सटाउन. घाबरायचं कारण नाही, ते आजचं कोव्ह. व्हिक्टोरिया राणी १८४९ मध्ये आली म्हणून नाव बदललं, १९२० मध्ये परत कोव्ह केलं. त्याआधीच्या मेरी राणीच्या नावाने केलेली 'क्वीन्स काउंटी' आज लीश, 'किंग्ज काउंटी' आज ऑफली. जुना कागद जुन्या नावाने बोलतो, शोधणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवायची.

यादीत शेवटचा राहण्याचा पत्ता: क्विल्टी. एका शब्दासाठी दोन महिने.

१० मार्च

रात्रीत तीन कागद. शंभर वर्षांपूर्वीचे जन्मदाखले सरकारच्या वंशशोधाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. पणजीचा सापडला. नोंदणी जिल्हा किलरश, जन्मस्थान क्विल्टी. खबर देणाऱ्या आईच्या नावापुढे फुली, "तिची खूण".

मग १९०१ ची जनगणना, राष्ट्रीय अभिलेखागाराने स्कॅन करून टाकलेली. इथे एक सल्ला: नावाने शोध लागला नाही तर विभागवार उघडत जा, पण विभागाचं नाव आपल्या गावाचं असेलच असं नाही. आणि माणसांच्या पानावर थांबू नका. त्याच्यासोबत घरांचा तक्ता असतो, बी-१. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती, समोरच्या खिडक्या किती. आमच्या घराला: पक्क्या भिंती, गवताचं छप्पर, समोर दोन खिडक्या, माणसं नऊ. भाषेच्या रकान्यात आईबापांपुढे "आयरिश आणि इंग्रजी", मुलांपुढे काहीच नाही. काहीच नाही म्हणजे फक्त इंग्रजी. एका घरात, एका रकान्यात भाषा गेलेली दिसते. यावर मी बराच वेळ अडकले. माझ्या मुलाला मराठी समजतं, बोलत नाही.

२३ मार्च

ईस्ट की वेस्ट? दाखल्यावर नुसतं क्विल्टी आहे. आपल्याकडे खुर्द-बुद्रुक असतं, तसं इथे 'बेग' म्हणजे धाकटं आणि 'मोर' म्हणजे थोरलं असतंच. शिवाय ईस्ट-वेस्ट, अप्पर-लोअर. सर्व्हेच्या वेळी मोठं टाउनलँड कापलं की अशी शेपटं लागायची. खुर्दचा माणूस आपण खुर्दचा असं कधी सांगत नाही, इथेही तेच.

जनगणनेचं पान ज्या टाउनलँडखाली लागलंय ते धरून मागे गेले, ग्रिफिथच्या मोजणीकडे. रिचर्ड ग्रिफिथच्या हाताखाली १८४७ ते १८६४ मध्ये देशभरच्या जमिनी-घरांचं करासाठी मूल्यांकन झालं. क्लेअरचं १८५५ चं. 'आस्क अबाउट आयर्लंड'वर फुकट आहे. क्लेअर काउंटी ग्रंथालयाने तर उतरवून काढलेल्या याद्या टाकल्यात, आणि मला त्याच जास्त वापरायला सोप्या वाटल्या. त्या ग्रंथालयाचं काम बघून हात जोडावेसे वाटतात. बाकीच्या काउंट्यांत राहणाऱ्यांना हे सुख नाही.

ग्रिफिथचं पान म्हणजे सातबाराच. कूळ कोण, मालक कोण, काय आहे (घर, गोठा, जमीन), क्षेत्र, आकार. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये. चार रूडांचा एकर, चाळीस पर्चचा रूड. मी कागदावर मांडून बघितलं: रूड म्हणजे बरोब्बर दहा गुंठे, पर्च म्हणजे पाव गुंठा. आमच्या आडनावाच्या एका कुळाकडे ४ एकर ३ रूड २० पर्च. चार एकर पस्तीस गुंठे. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, "म्हणजे आपल्यापेक्षा जास्त." समुद्राच्या खारट वाऱ्यातली आहे बाबा.

त्याच संकेतस्थळावर गट क्रमांकांचा नकाशा आहे, तो वापरताना जपून. तिथले नकाशे छापील मोजणीच्या नंतरचे आहेत, क्रमांक पुढे-मागे झालेले असू शकतात. मी अर्धा दिवस चुकीच्या तुकड्यावर प्रेम केलं.

१३ एप्रिल

हे कामाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही नावं इंग्रजी अक्षरांत बसवली कोणी? आयर्लंडचा सर्व्हे १८२४ मध्ये थॉमस कोल्बीने सुरू केला. एका मैलाला सहा इंच या मापाने अख्खा देश १८४६ पर्यंत उतरवला. नकाशावर नाव काय छापायचं हे ठरवायला जॉन ओ'डोनोव्हन आणि युजीन ओ'करी यांच्यासारखे आयरिश जाणणारे विद्वान गावोगाव हिंडले. जुने कागद बघायचे, म्हाताऱ्यांना विचारायचं, मग इंग्रजी स्पेलिंग ठरवायचं. ते सगळं नाववह्यांत लिहिलेलं आहे. क्लेअरमध्ये ते १८३९ ला आले, आणि तिथून लिहिलेली त्यांची पत्रं क्लेअर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. ओ'करी तर पश्चिम क्लेअरचाच. म्हणजे लोगानिम जे आज करतंय ते ही माणसं पावसात चालत करत होती.

आणि याच सर्व्हेसाठी कोल्बीने दहा फुटी मोजपट्ट्या तयार करवल्या, उष्णतेने लांबी बदलणार नाही अशा, दोन धातू जोडून. जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर असताना १८२९ मध्ये आयर्लंडचं हे काम बघून गेला आणि तसल्याच पट्ट्या हिंदुस्थानात घेऊन आला. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची पायारेषा त्यांनी मोजली. पणजीचं शिवार आणि हिमालय एकाच जातीच्या पट्टीने मोजलेत.

११ मे

१८५५ च्या कुळापासून १९०१ च्या घरापर्यंत पूल हवा होता. तो म्हणजे मूल्यांकनाच्या दुरुस्तीवह्या. ग्रिफिथनंतर कूळ बदललं की कारकून जुनं नाव खोडून वर नवं लिहायचा, त्या त्या फेरीला वेगळ्या रंगाची शाई. डब्लिनला ऑफिसच्या कामाला गेले होते, दुपारी जाऊन रंगीत स्कॅन बघून आले. निळ्याने बाप खोडला, लालने मुलगा आला. गट तोच. पूल झाला.

लिमरिकच्याच एका ठिकाणी मदत मागितली होती, पैसेही भरले होते. तिथून सव्वादोन महिन्यांनी उत्तर आलं: "क्विल्टी आडनावाची नोंद मिळाली नाही." पत्रात मी लिहिलं होतं की ते गाव आहे.

२२ जून

उरलेली कामं: काही नाही. पुढच्या एप्रिलमध्ये १९२६ ची जनगणना खुली व्हायची आहे, तेव्हा घरात मागे कोण राहिलं ते बघू. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाचा वेगळा स्थलनाम प्रकल्प आहे, मला गरज पडली नाही.

१० ऑगस्ट

सासूबाईंना घेऊन क्विल्टीला. वारा होताच. रस्त्याकडेला गाडी लावली तर दार उघडेना. समोर मटन आयलंड, आयरिशमध्ये मेंढ्यांचं बेट. गावात गोल मनोऱ्याचं चर्च आहे. १९०७ मध्ये इथल्या कोळ्यांनी फ्रेंच जहाज लिओ तेराच्या खलाशांना होड्या घालून वाचवलं, नंतर जमलेल्या पैशांतून ते १९११ मध्ये उभं राहिलं. पणजी तेव्हा बॉस्टनला पोचलेली होती.

फोनवर जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून चालत गेलो. गटात घर नाही. गुडघाभर दगडांची ओळ, एका बाजूला चुलीची जागा असावी असा काळा दगड. सासूबाई दाराच्या जागेत उभ्या राहिल्या, समुद्राकडे तोंड करून. कोणी काही बोललं नाही, बोललं असतं तरी वाऱ्यात ऐकू आलं नसतं.

शेजारच्या तुकड्यात एक आजोबा कुंपण बांधत होते. आम्ही कोण ते सांगितल्यावर म्हणाले, हे शेत ना, याला नाव आहे. नाव सांगितलं. 'गारी' एवढं मला कळलं, म्हणजे घराजवळची लहान वाफ्यांची जमीन. पुढचा शब्द आम्ही तिघांनी तीन तऱ्हेने ऐकला.

१२ ऑगस्ट

शेतांची नावं लोगानिमच्या मुख्य यादीत बहुतेक नसतात. त्यासाठी त्यांनी 'मेहल लोगानिम' म्हणून वेगळी जागा केलीय. लोकांनी आपापल्या भागातली बारकी नावं नकाशावर टाकायची. मेहल म्हणजे कापणीला शेजाऱ्यांनी मिळून केलेलं काम, आपलं इर्जिक.

नोंद भरायला बसले. नावाच्या चौकटीत नवऱ्याचं स्पेलिंग टाकलं, खोडलं. सासूबाईंचं टाकलं, तेही खोडलं. माझ्याकडे देवनागरीत लिहून घेतलेलं आहे, ते त्या चौकटीत चालणार नाही. शनिवारी पुन्हा जाते आजोबांकडे, या वेळी रेकॉर्डर घेऊन.